तुम्ही न विचारलेली नावं

ताई,

मागच्या रविवारी दानीने तुमच्या नावाने कार्यक्रम केला. तुम्ही तो पाहिला नाहीत हे बरं झालं. मी पाहिला, आणि घरी येऊन मोरीत उलटी केली. शेजारच्या बाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल, हडपसरहून बसने आलात ना. मी हो म्हटलं. हो म्हणणं मला नेहमीच सोपं जातं.

तुम्ही गेल्यापासून मी कुणाशी धड बोललेले नाही. बोलायची सवय होती ती तुमच्याशीच, म्हणून आता लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. सदाशिव पेठेतल्या मेसच्या पोळ्या लाटून आले, अंघोळ केली आणि ओट्याशी स्टूल घेऊन बसले.

तुम्ही गेल्यावर आम्ही सगळे सात दिवस दानीच्या फ्लॅटवर बसलो होतो. आपल्या रीतीप्रमाणे आरशांवर चादरी, घरचे सगळे खाली गादीवर, आणि येणारा प्रत्येक जण तुमच्याविषयी गोड बोलत होता. ज्यांनी तुमच्या आजारपणात फोनसुद्धा केला नाही ते डोळ्यांना रुमाल लावत होते. 'मरियमबाई म्हणजे देवमाणूस.' 'त्यांच्या दारातून कुणी रिकामं गेलं नाही.' मला वाटलं, उठून सांगावं की अहो, तिच्या दारात कुणी येतच नव्हतं. दारात कुणी यावं, हात पसरावा आणि आपण वरून त्यात टाकावं, हेच तर तुम्हाला नको होतं. पण मी कुठली उठते. मी पाणी देत होते.

तिथेच कुणीतरी दानीला म्हणालं, 'तुझ्या मम्मीने किती घरांना हात दिला, तुला माहीत तरी आहे का रे?' दानीला खरंच माहीत नव्हतं. तो रडत होता, आणि ते रडणं खरं होतं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. त्याने माझ्याकडे पाहिलं. 'काकू, तुला माहीत असणार.'

मी पाण्याचे ग्लास उचलून आत गेले.

तुम्हाला आठवतं का, मी लग्न होऊन आले त्या पहिल्या शुक्रवारी काय झालं ते? माझ्या माहेरी, कोकणात, आपल्या ज्यू लोकांची मोजकी घरं. शब्बाथचा दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, एवढं मला येत होतं. मी काडेपेटी हातात घेतली तर तुम्ही माझं मनगट धरलंत. 'आधी डबी, मग दिवा.' भिंतीवर खिळ्याला दुधाच्या पावडरीचा जुना डबा टांगलेला होता. झाकणाला भाऊजींनी छिन्नीने फट पाडली होती. तुम्ही पदराच्या गाठीतून काहीतरी काढलंत आणि न बघताच आत टाकलंत. मग मला म्हणालात, 'तूही टाक.' मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. तेव्हा तुम्ही भाऊजींच्या कोटातून एक नाणं काढून माझ्या हातात दिलंत. 'आता आहे. टाक.' मी ते दिव्यासमोर जरा धरलं, डोळे मिटले. देवळात लोकांना करताना पाहिलं होतं. तुम्ही हसलात. 'दूधवाल्याचं बिल देताना डोळे मिटतेस का?'

तुमचं सगळं तसंच कोरडं होतं. सदाका म्हणजे दान नव्हे, असं तुम्ही म्हणायचात. ते दुसऱ्याचंच असतं, आपल्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं असतं. ज्याचं त्याला पोचवलं की झालं. त्यात पुण्य कसलं आणि मोठेपणा कसला? दिवा लागला की शब्बाथ सुरू, मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत पैशाला हात लावायचा नाही, म्हणून ते आधी उरकायचं. 'दुसऱ्याचं घरात ठेवून उजेड कशाला करायचा?' तुमच्या या एका वाक्यावर मी कितीतरी शुक्रवार विचार केला आहे.

आणि एकही शुक्रवार चुकला नाही. नळाच्या पाण्यावरून आपलं भांडण झालं होतं, एकमेकींशी अबोला होता, तेव्हासुद्धा संध्याकाळ झाली की तुम्ही डबा खिळ्यावरून काढून माझ्यासमोर आपटायचात. तोंड फिरवून. मीही तोंड फिरवून टाकायची. मग दोघी मिळून दिवा लावायचो. पुन्हा अबोला.

महिना संपत आला की डबा रिकामा करायचा. ते काम तुम्ही मला दिलंत. मला वाटलं, मोठी जाऊ विश्वास टाकते आहे. मी फुगले. तुम्ही म्हणालात, 'विश्वास वगैरे काही नाही. तुझ्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, म्हणून तुला सांगते.' आणि मग तुमची ती अट. रुमालात बांधून मी न्यायचं, ज्या घरी गरज दिसेल त्या घरी पोचवायचं, आणि तुम्हाला सांगायचं नाही. कुणाला, किती, कशासाठी, काही नाही. देणाऱ्याला घेणारा कळायला नको, घेणाऱ्याला देणारा कळायला नको. म्हणजे सिनेगॉगमध्ये बाजूला बसलो तरी दोघांची मान ताठ राहते.

मधली एक मात्र दोघांना ओळखते. त्या मधलीचं काय होतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

पहिल्यांदा एक म्हातारा होता. आता तोही गेला, तरी नाव लिहीत नाही. आपल्यातलाच, एकटा. खोलीत तंबाखूचा वास, खाटेजवळ थुंकायचा डबा, तो कधी सांडलेला. मी नाकाला पदर लावून आत जायची. तो मला बसवून तुम्हालाच शिव्या द्यायचा. 'तुझी जाऊ मोठी शेठाणी. सिनेगॉगमध्ये समोरून जाते तर मान वळवत नाही. मेल्यावर बरोबर नेणार आहे का सगळं?' आणि तुमचाच रुमाल माझ्या कमरेला. मी तो त्याच्या उशीखाली ठेवून यायची. त्याला कळायचं की मी ठेवते. तो मुद्दाम खिडकीकडे तोंड करून खोकत राहायचा.

एकदा मी घरी आले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. तुम्ही बघत होतात. मी तुम्हाला म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून म्हटलं, 'ताई, माणूस घाण असला तर?'

'कसली घाण?'

'सगळीच. तोंडाची, मनाची.'

'मला सांगू नकोस तो कसा आहे. तूही फार बघू नकोस. जेवायला आहे का, तेवढं बघ.'

'पण माझं मन होत नाही. मन नसताना दिलेलं देवाला चालतं का?'

तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, 'तुझं मन होईपर्यंत त्याने उपाशी बसायचं का? हाताला सवय लाव. मनाचं मागाहून बघू.'

मला ते पटलं नाही. पुढे कितीतरी वेळा आपण यावरच भांडलो. तुम्ही म्हणायचात, भरून आलं तेव्हा एकदम मोठं देणारे खूप असतात, त्यांना स्वतःचं भरून येणंच आवडतं. दर आठवड्याला थोडं थोडं, मन असो नसो, देत राहिलं की माणूस आपोआप मोकळा होतो. मी म्हणायची, मी तर मोकळी होत नाही, मला नुसती किळस येते. तुम्ही म्हणायचात, येऊ दे. वर, जिथे नेऊन देतेस त्या घरीही डबी ठेव म्हणून मला सांगितलंत! ज्याला आपण देतो त्यानेही द्यायचं? मी चिडले. 'हा काय न्याय?' तर म्हणालात, 'देण्याचा मान काय आपण विकत घेतलाय?' मी जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं. तो पोट धरून हसला. शेवटी एका रिकाम्या चुन्याच्या डबीत काहीतरी टाकायला लागला, आणि ते मी दुसऱ्या घरी पोचवायची. शिव्या मात्र चालूच होत्या.

म्हातारा गेला आणि मग ती आली.

तिचंही नाव लिहीत नाही. तिचा नवरा मोठ्या कारखान्यात होता. दिवस बदलले, बाहेरचा माल आला, कारखाना बंद झाला. मशिनं विकली गेली. पुढे त्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आपला दानी तशाच एका इमारतीत गळ्यात पट्टा घालून कामाला जाऊ लागला. ती दोघं मात्र कुणाला काही कळू देत नव्हती. सणाला ती इस्त्रीची साडी नेसून सिनेगॉगमध्ये यायची, पुढच्या बाकावर बसायची. मला कळलं ते तिच्या घरी गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा वाटा द्यायला गेले तेव्हा. दुपारची वेळ, आणि चूल पेटल्याची खूण नव्हती. मुलं हलव्यावर तुटून पडली.

तिच्याकडे आमची रीत अशी ठरली. ठरली म्हणजे कुणी बोललं नाही. मी जायची, ती चहा ठेवायची, चहा झाला की ती 'आलेच हं' म्हणून मोरीत जायची आणि भांडी घासायला बसायची. भांडी नसली तर घासलेलीच परत घासायची. तेवढ्या वेळात मी तांदळाच्या डब्यात पुरचुंडी ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, 'येते हो.' ती आतून म्हणायची, 'या हं परत.' तिने मला कधी पाहिलं नाही, मी तिला काही दिलं नाही. मला वाटायचं, हे तुम्हाला सांगावं. तुम्हाला आवडलं असतं. पण तुमचीच अट.

मग तुम्ही हडपसरला गेलात. दानीचं बरोबरच होतं, तुम्हाला इथले जिने जमत नव्हते. तिथे लिफ्ट, पाणी, सगळं. शुक्रवारी मी बसने यायची. शेलीला, आपल्या सुनेला, डबा दिवाणखान्यात नको होता, म्हणून तो तुमच्या पलंगाशी. दानी म्हणायचा, 'मम्मी, कशाला हे सुट्टे पैसे? मी ऑटो-डेबिट लावलंय ना, दर महिन्याला जातात. मला कळतसुद्धा नाही.' तुम्ही म्हणालात, 'तेच वाईट.' तो हसला. मला सांगू लागला, 'बघ, नियमित पाहिजे, नियमित केलं. गुप्त पाहिजे, गुप्त केलं. आता काय चुकलं?' मला अजूनही वाटतं, तो अगदी चुकीचं बोलत नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात, 'हाताला कळलं पाहिजे रे.'

शेवटी शेवटी तुमचा हात इतका थरथरायचा की नाणं फटीत जायचं नाही. मी तुमच्या बोटांवर बोटं ठेवायची. एकदा तुम्ही विचारलंत, 'जिथे जातेस तिथे सगळे जेवतात ना?' इतक्या वर्षांत तेवढाच प्रश्न. मी म्हटलं, जेवतात. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, 'मग दिवा लाव.'

आता रविवारचं सांगते.

दानी दोन आठवडे माझ्या मागे होता. 'काकू, मला फक्त काही फॅमिलीज दे. मम्मीने ज्यांना हेल्प केली त्या. स्टेजवर बोलावू, सन्मानाने देऊ. कंपनीचे लोक येणार आहेत, त्यांनाही पुढे काही करावंसं वाटेल.' मी म्हटलं, लोकांना आवडणार नाही. 'का नाही आवडणार? घ्यायला कुणाला आवडत नाही? आणि देणं दिसलंच नाही तर बाकीचे इन्स्पायर कसे होणार?' मी त्याचा कप विसळायला नेला. त्याला वाटलं, मी विचार करते आहे.

त्याच्या सोसायटीचा हॉल. बाहेर तुमचा फोटो, माणसापेक्षा मोठा. दानीच्या लग्नातला घेतला होता आणि त्यात तुमचे ओठ लाल केले होते. ताई, तुम्ही जन्मात कधी ओठ रंगवले नाहीत. आत काचेच्या पेटीत आपला डबा, घासून पुसून, खाली मखमल, वर दिवा. शेली कुणाला तरी सांगत होती, 'किती अँटिक आहे ना? हँडमेड.' मी वाकून फटीतून आत पाहिलं. रिकामा होता.

मी नावं दिली नव्हती, म्हणून दानीने सोसायटीचे वॉचमन आणि झाडूवाल्या बायका बोलावल्या होत्या. भर उन्हाळ्यात त्यांना ब्लँकेटं. माझ्या मागच्या रांगेत एक वॉचमन दुसऱ्याला म्हणत होता, 'ड्युटी सोडून बोलावलंय. पगार कापला तर हे ब्लँकेट खाऊ का?' दुसरा म्हणाला, 'खा. नवीन हाय.' मग त्यांना एकेक करून वर नेलं. ज्या साहेबांच्या हस्ते देत होते त्यांना फोटोवाला म्हणाला, 'सर, फ्लॅश उडाला नाही. परत.' त्या म्हाताऱ्या बाईच्या हातातलं ब्लँकेट काढून साहेबांना दिलं, आणि साहेबांनी ते परत तिला दिलं. 'मावशी, जरा हसा ना.' ती हसली. मला त्या हसण्याची इतकी किळस आली की मी खाली फरशीकडे बघत बसले. त्या म्हाताऱ्याच्या थुंकीच्या डब्याचीसुद्धा इतकी आली नव्हती.

सिनेगॉगमधली आपली माणसंही आली होती. दुसऱ्या रांगेत ती होती. इस्त्रीची साडी.

मग दानीने माइकवर माझं नाव घेतलं. 'माझी एस्तरकाकू. मम्मीचा उजवा हात. काकू, ये ना वर.' मला धरूनच नेलं. 'सांग सगळ्यांना, मम्मीने कुणाकुणाला मदत केली. ती माणसं इथे असतील तर त्यांनी उभं राहावं. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू.'

इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात उभी राहिले नव्हते. पण भीती त्याची नव्हती. भीती डोळ्यांची होती. माझे डोळे दुसऱ्या रांगेकडे गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं. ती पदराचं टोक मुठीत घेऊन बसली होती, एवढं मला न बघता दिसत होतं. मी वर पंख्याकडे बघितलं आणि म्हटलं, 'मला नावं माहीत नाहीत.'

दानी हसला. 'काकू लाजते. अगं, तूच नेऊन द्यायचीस ना?'

'हो.'

'मग?'

'माहीत नाहीत.'

शेली पहिल्या रांगेत होती. ती माइकवर बोलली नाही, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. 'मग इतकी वर्षं ते सगळं गेलं कुठे?'

ताई, मला तेव्हा कळलं मी कुठे उभी आहे. मला आधी सुचलंच नव्हतं. तुम्ही विचारायचं नाही, मी सांगायचं नाही, घेणारा बघायचा नाही. आपण तिघांनी मिळून इतकं झाकलं होतं की जगात एकही माणूस माझ्या बाजूने साक्ष देऊ शकत नव्हता. एक होती फक्त. मी पायऱ्या उतरून तिच्याच रांगेजवळून गेले, आणि ती शेजारणीला म्हणत होती, 'गरिबी वाईट हो. पोळ्या लाटून कुणाचं भागतं?'

माझ्याकडे बघून म्हणाली. म्हणजे मी खाल्लं, असं. तिने.

गेटपाशी दानी मागून पळत आला. चिडला नव्हता, ते जास्त वाईट. माझा खांदा धरून हळू आवाजात म्हणाला, 'काकू, तुला पैसे लागले असतील तर इट्स ओके. मम्मीनेही माफ केलं असतं. यापुढे मला सांगत जा.' आणि उरलेलं एक ब्लँकेट माझ्या हातात दिलं. मला नाही म्हणता आलं नाही. खाटेखाली आहे, प्लॅस्टिकसकट. त्याचा वास अजून घरभर आहे.

बसमध्ये मला राग आला तो तुमचा. दानीचा नाही, तिचाही नाही. तुमचा. तुमचं मन स्वच्छ राहिलं, कारण घाण माझ्या वाट्याला आली. तुम्ही दर शुक्रवारी न बघता टाकत होतात आणि शांत झोपत होतात. तोंडं मी बघत होते. शिव्या मी ऐकत होते. तुम्हाला नुसतं देणं मिळालं आणि मला माणसं मिळाली. आणि शेवटी चोर कोण ठरलं? मी. तुम्हाला हे दिसलं नव्हतं का? की दिसलं होतं, म्हणूनच न बोलणारी जाऊ शोधलीत? हे तुम्हाला तोंडावर विचारायचं राहिलं. आता उत्तर मिळणार नाही, आणि मी दिलेलं उत्तर मला पुरत नाही.

पण शुक्रवार आला. मी मुद्दाम ठरवलं होतं की या वेळी नाही. दिवा तेवढा लावायचा. काडेपेटी हातात घेतली आणि दिवा काही लावता येईना. कुणी मनगट धरल्यासारखं वगैरे काही झालं नाही, उगाच सांगणार नाही. नुसतं ओशाळल्यासारखं वाटलं, पाहुण्यासमोर पान वाढायच्या आधी आपण जेवायला बसावं तसं. मी स्टीलचा एक डबा घेतला, त्यात पोळ्यांच्या पैशातलं टाकलं, आणि मग लावला. तुम्ही बरोबर होतात की काय, ते मला ठाऊक नाही. पण इतक्या वर्षांत हाताला सवय लागली आहे, आणि ती तुम्ही लावलीत. त्याबद्दल राग आहे तसेच तुमचे उपकारही आहेत. दोन्ही एकदमच आहेत, मला वेगळे करता येत नाहीत. मला कुणी कधी काही दिलं नव्हतं ताई, आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला देणारी करून टाकलंत.

महिना संपत आला होता, म्हणून काल शब्बाथ उलटल्यावर मी निघाले. दुसऱ्या कुणाच्या घरी जाता आलं असतं. रास्ता पेठेच्या कोपऱ्यापर्यंत मी दुसरं घरच आठवत होते. आणि जिना चढले तो तिचाच.

दार तिनेच उघडलं. मला बघून तिचा हात कडीवरच राहिला. 'या' म्हणाली, पण बाजूला सरायचं तिला सुचेना. मीच आत शिरले आणि खुर्चीवर बसले. तिने चहा ठेवला. पातेल्याकडे बघतच म्हणाली, 'एस्तरबाई, रविवारी माझ्या तोंडून...'

'साखर कमी घाला,' मी म्हटलं.

'नाही, ऐका तरी. ती माझ्या बाजूला बसली होती ना, तिला आधीपासूनच संशय होता आमच्यावर. मी घाबरले. मी म्हटलं, आता...'

'आणि दूध जरा जास्त.'

तिने दूध ओतलं. रडत होती बहुतेक, मी बघितलं नाही. मी कुणाचं बोलणं असं तोडलेलं मला आठवत नाही. पण तिने माफी मागितली असती तर मला ती द्यावी लागली असती, आणि माझ्याकडे ती नव्हती. शिवाय, ती बोलली असती तर ती घेणारी आणि मी देणारी, हे कायमचं उघडं पडलं असतं. मग तिला माझ्यासमोर कधीच मान वर करता आली नसती. रागावलेली असूनही मला तेवढं कळत होतं.

चहा पाणचट होता. मी अर्धा ठेवला. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. मी तांदळाचा डबा उघडला तर आत पत्रा दिसत होता. कोपऱ्यात मूठभर कणी. मागच्या महिन्यात तुमच्या आजारपणात माझं येणं चुकलं होतं, ते त्या डब्याला कळलं होतं. मला तिची किळस येतच होती. त्या साडीची, त्या रविवारच्या आवाजाची. हाताने पुरचुंडी ठेवली आणि झाकण लावलं.

मी 'येते हो' म्हटलं. तिने आतून नळ बंद केला आणि विचारलं, 'पुढच्या महिन्यात... याल ना?'

मी उत्तर दिलं नाही. मुद्दामच. जिना उतरून आले, चालत घरी आले, बरं वाटलं. रात्रभर छान झोपसुद्धा लागली.

आता हे लिहिताना मात्र लक्षात येतंय की ती महिनाभर त्या प्रश्नावर बसून राहील. पानात वाढताना हात आखडेल, की ही बाई परत येते की नाही. बघा, म्हणजे सूडसुद्धा मला धड घेता येत नाही. संध्याकाळी जाऊन सांगून येते, येणार आहे म्हणून. पुन्हा तो जिना, पुन्हा तिचा तो चहा.